बिनऔषधाचं मलम

श्रोतेहो, नमस्कार.

दिंडोरी-निफाडकडे सध्या द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी जोरात आहे. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या गाड्या भरभरून येतात आणि दिवसभर बागांमधून कात्र्यांचा आवाज येत राहतो. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एका मित्राच्या बागेत गेलो होतो. टोळीतल्या एका मावशींची कात्री सटकली आणि डाव्या हाताच्या बोटाला चांगलीच चीर गेली. मी गाडीतली पट्टी आणायला वळलो, तोवर मावशींनी बांधावरची चार पानं खुडली, तळहातावर चोळली, तो हिरवा लगदा बोटावर दाबला, वरून चिंधी गुंडाळली आणि पुन्हा कात्री उचलली.

"तीन दिवसांत बरं होतं बघा, सर."

"आणि पाला लावलाच नाही तर?"

मावशी हसल्या. "न लावता कोण बघत बसतंय?"

मी इथे नाशिकमध्ये फार्मसीच्या मुलांना वनौषधींचा विषय शिकवतो. जखमेवरच्या औषधाचा प्रयोग म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्या गळी उतरवायला मला अख्खं सेमिस्टर लागतं. मावशींनी ते एका वाक्यात सांगून टाकलं. कारण साधी चीर काही न लावताही भरतेच. रक्त गोठतं, जागा सुजते, लाल होते, आतून नवं मांस भरून येतं, कडेची कातडी सरकत सरकत वर झाकण घालते. शरीर हे आपलं आपण करतं आणि श्रेय जातं आपण वर जे लावलं असेल त्याला. म्हणून प्रयोगशाळेत कुणीतरी 'न लावता' बघत बसावं लागतं.

तो पाला होता एकदांडीचा. कुणी दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. जमिनीलगत पसरते, पानं खरखरीत आणि केसाळ, आणि एकाच लांब दांड्यावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं इवलंसं फूल. नाशिकमध्ये रिकामा प्लॉट दिसला की तिथे ही असणारच. आपण हिला पिढ्यान्‌पिढ्यांचं औषध म्हणतो, पण ही मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. सुश्रुतसंहितेत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत, त्यांत हिचं नाव शोधू नका. परमुलखातून आलेलं तण आपल्या लोकांनी हाताळून पाहिलं आणि कामाला लावलं. मला तर याचंच जास्त कौतुक वाटतं.

आता हा पाला प्रयोगशाळेत आणायचा, तर घोळ नावापासूनच सुरू होतो. मुलांना 'ब्राह्मी आणा' म्हटलं की एक जण मंडूकपर्णी घेऊन येतो आणि दुसरा जलब्राह्मी. दोघंही आपापल्या गावच्या हिशेबाने बरोबर! म्हणून फुलासकट फांदी दाबून, वाळवून पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात दाखवायची आणि तिची ओळख पक्की करून घ्यायची. मग पानं धुऊन सावलीत वाळवायची. हे ऐकायला सोपं आहे. माझ्या पहिल्याच खेपेला मी इथे माती खाल्ली. ऑगस्ट महिना, बाहेर झड लागलेली, पानं वर्तमानपत्रावर पसरली आणि चार दिवस तिकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी पानांवर पांढरी बुरशी. पोतंभर मेहनत उकिरड्यावर गेली. तेव्हापासून पानं दिवसातून दोनदा उलटायची, हा आमच्याकडे नियमच झाला आहे.

वाळलेल्या पानांची जाडीभरडी पूड करून ती पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची, आणि द्रव उडवून टाकायचा. खाली उरतो काळपट हिरवा, काकवीसारखा चिकट अर्क. त्याच्या पातळ द्रावणात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले आणि रंग निळसर-काळा किंवा हिरवट-काळा झाला, तर टॅनिनं असल्याची खूण. हिरडा चावला की तोंड आखडतं ना, ते टॅनिनांमुळेच. जखमेवरही ती तशीच वागतात: वरची प्रथिनं आकसतात, झिरपणं कमी होतं.

मग हा अर्क साध्या मलमात कालवायचा, शंभर ग्रॅमला पाच किंवा दहा ग्रॅम. हे साधं मलम म्हणजे बहुतांश पांढरं व्हॅसलीनच. इथे दुसरी एक डबी भरायची, ज्यात अर्काचा कणही नाही. पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना मी आधी ही डबी दाखवतो. त्यांचा थोडा हिरमोड होतो, त्याला माझा इलाज नाही.

तिची गरज का, ते सांगतो. आपल्याकडे घरोघरी सांगतात, 'जखम उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे.' 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर बारीक जखमा करून पाहिल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लास्टिकने झाकून ओलसर ठेवल्या. ओलसर जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. म्हणजे नुसत्या व्हॅसलीनच्या थरानेही जखमेला मदत होऊ शकते. अर्काचं मलम कोरड्या जखमेशी ताडून पाहिलं, तर टाळ्या व्हॅसलीनला पडायच्या आणि हार एकदांडीच्या गळ्यात! मुलांचे प्रबंध तपासताना मी आधी हेच शोधतो, आणि दर वर्षी एखाद्यात तरी ही डबी गायब असते.

प्रयोग होतो पांढऱ्या उंदरांवर, तोही प्राणिप्रयोगांच्या नीतिसमितीची परवानगी मिळाल्यावर. भूल देऊन पाठीवरची सुमारे 500 चौरस मिलिमीटर कातडी काढतात, साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढी. एका गटात सहा उंदीर. एका गटाला अर्काचं मलम, एकाला पोव्हिडोन आयोडीनसारखं बाजारातलं औषध, एकाला बिनऔषधाची डबी. दर चार दिवसांनी जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरून कड गिरवायची, ती आकृती आलेख कागदावर ठेवायची आणि चौकोन मोजायचे. गिरवणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे कळू द्यायचं नाही. कळलं की पेन आपोआप आतल्या बाजूने चालायला लागतं. खोटेपणा नसतो हो त्यात, माया असते.

दुसरी एक चाचणी मला फार आवडते. जखम बंद झाली, पण जोड किती पक्का? त्यासाठी सरळ चीर देऊन टाके घालतात, आठव्या दिवशी टाके काढतात. दहाव्या दिवशी पुन्हा भूल देऊन चिरेच्या एका कडेला चिमट्याने बाटली टांगायची आणि तिच्यात संथ धारेने पाणी सोडायचं. जोड उघडायला लागला की धार बंद. बाटलीत जमलं तेवढं पाणी, ती त्या जोडाची ताकद. सगळं दोरी, चिमटा आणि बाटली यांच्यावर चालतं.

एकदांडीवर भारतात असे प्रयोग 1980च्या दशकापासून झाले आहेत आणि उंदरांच्या जखमा भरायला तिची मदत होते असं त्यांत दिसलं आहे. मग मलम बाजारात का नाही? उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ पदरच असतो. त्यामुळे त्याची जखम बरीचशी आकसून मिटते, नाडी ओढल्यावर पिशवीचं तोंड मिटतं तशी. आपल्या अंगावर तो पदर जवळजवळ नाहीच, आपल्याला नवी कातडी विणावी लागते. उंदरावरून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि रानातल्या पाल्यासाठी तो चालायला पैसा कुणी सहजी घालत नाही.

हळदीचा विषय निघाला की लोक पेटंटची गोष्ट सांगतात. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर, म्हणजे आपली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, त्याविरुद्ध लढली आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. अभिमानाचीच गोष्ट. पण तिथे सिद्ध झालं ते इतकंच, की ही कल्पना नवी नाही. हळदीने जखम किती लवकर भरते, हे ठरवायचं काम त्या लढाईचं नव्हतंच.

गेल्या छाटणीला त्याच बागेत पुन्हा गेलो. मावशी भेटल्या. मी म्हटलं, चीर गेली तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, इंजेक्शन घ्या. खोल असेल, रक्त थांबत नसेल तर सरळ दवाखाना. साखरेचा आजार असेल तर पायाच्या साध्या फोडावरही पाला नको. आणि छाटणीनंतर काड्यांचे डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावता, तेव्हा हातमोजे घाला, त्यातलं हायड्रोजन सायनामाइड चांगल्या कातडीलाही पोळतं, जखमेची तर बातच सोडा.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "आणि एकदांडीचं काय ठरलं, सर?"

मी म्हटलं, "मावशी, उंदरांना लागू पडतेय. माणसांचं अजून बघायचंय."

"बघा, बघा," म्हणाल्या आणि पुढच्या वेलीकडे सरकल्या.

नमस्कार.