कार्ताहेना: नाव एक, बंदरं दोन

नमस्कार मंडळी! आज एका नावाची गंमत सांगतो, कार्ताहेना. एक स्पेनमध्ये, दुसरं पार कोलंबियात, दोन्ही समुद्राकाठी. मूळ शहर आफ्रिकेतलं कार्थेज, त्याचा अर्थच 'नवं शहर', तिथल्या लोकांनी स्पेनमध्ये आणखी एक 'नवं शहर' वसवलं, रोमन लोक त्याला नवं कार्थेज म्हणायला लागले, म्हणजे आपल्याकडे नवी नवी मुंबई म्हणावं तसंच झालं की! कार्थेजचा सेनापती हॅनिबल इसवी सनपूर्व २१८ मध्ये रोमवर निघाला तो इथूनच. मग १५३३ मध्ये स्पॅनिश लोकांनी तेच नाव कोलंबियाच्या किनाऱ्यावर नेलं.

आता १७४१ मधली गोष्ट. आपल्याकडे चिमाजी अप्पांनी वसई घेऊन दोनच वर्षं झाली होती, आणि तिकडे इंग्रजांचा अ‍ॅडमिरल व्हर्नन भलंमोठं आरमार घेऊन या दुसऱ्या कार्ताहेनावर चालून आला. समोर स्पेनचा ब्लास दे लेझो, एक पाय गेलेला, एक डोळा गेलेला, एक हात निकामी. खाडीच्या तोंडाचा किल्ला पडला आणि व्हर्ननने घाईघाईत घरी कळवून टाकलं, जिंकलंच समजा! इंग्लंडात जल्लोष, मेडलं पाडली, त्यात लेझो गुडघे टेकून तलवार देतोय. प्रत्यक्षात मुख्य किल्ला काही पडला नाही, शिड्या म्हणे आखूड पडल्या, त्यात तापाने माणसं पटापट मरायला लागली आणि आरमार हात हलवत परत.

स्पेनच्या कार्ताहेनात उलटं झालं. मार्च १९३९, यादवी युद्ध संपत आलेलं, बंदर आपल्याच लोकांच्या ताब्यात आहे असं समजून बंडखोरांचा सेनापती फ्रँको, त्याची सैनिक भरलेली जहाजं निघाली. नंतर पारडं फिरलं, परत फिरा असा निरोप गेला, पण 'कास्तिलो दे ओलिते' नावाच्या जहाजावरचा रेडिओ बंद. बिचारं सरळ बंदरावर गेलं, किनाऱ्यावरच्या तोफेने उडवलं, चौदाशेच्या वर माणसं गेली. रेडिओवर बसून हे सांगताना कसंसंच होतं हो.

लेझोही लढाईनंतर काही महिन्यांतच गेला. ती मेडलं मात्र अजून आहेत, फोटो मिळाला तर नीट बघा, गुडघे टेकलेल्या लेझोला दोन्ही पाय आहेत.