कर्णा बघू नका, चावी फिरवा

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या घरी दाराशी चावी देऊन तबकड्या वाजवणाऱ्या जुन्या फोनोचा पितळेचा एक मोठा कर्णा आहे. सध्या त्यात आम्ही ओल्या छत्र्या ठेवतो. खाली भोक असल्यामुळे पाणी छान निथळतं.

वीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, मी तो घेतला तेव्हा त्याच्याखाली पेटी होती, पेटीवर तबकडी फिरत होती आणि दुकानदार सांगत होता, "साब, अंग्रेज के टाइम का पीस है, फिर नहीं मिलेगा." साडेसहा हजार मोजले. टॅक्सीत कर्णा मांडीवर धरून दादरपर्यंत आलो, तर सिग्नलला लोक वाकून बघत होते. घरी आल्यावर आत्यानं जपून ठेवलेली हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली. पहिल्या ओळीला हिराबाईच गात होत्या. दुसऱ्या ओळीला आवाज जड झाला, आणि अंतऱ्याला पोचेपर्यंत कुणी गडी माणूस जांभया देत गातोय असं वाटायला लागलं. आणि चावी मी पूर्ण दिली होती, बरं का.

पुण्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे तो फोनो नेला. त्यांनी वरची फळी उचलली, आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "मास्तर, याला फोनो म्हणू नका. हे वऱ्हाड आहे. मोटर कुठल्यातरी पोर्टेबलची, पेटी नवी, कर्णा मागच्या दिवाळीतला. कुणी कुणाला ओळखत नाही."

अशी वऱ्हाडं आपल्या देशात ढिगानं तयार होतात आणि परदेशातही जातात. तिकडच्या संग्राहकांनी त्यांचं नाव 'क्रॅपोफोन', म्हणजे 'घाण'फोन, ठेवलंय. शब्द असभ्य आहे, पण खोटा नाही.

आपण ज्याला फोनो म्हणतो तो खरं तर ग्रामोफोन. एडिसननं १८७७ मध्ये केलेला फोनोग्राफ नळकांड्यावर वाजायचा. सपाट तबकडी आणली ती एमिल बर्लिनरनं, त्यानंतर दहा वर्षांनी. आपल्या घरोघरी आल्या त्या तबकड्याच. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेही तबकडीसाठीच. तेव्हा बाजारात कुणी "एडिसनचा फोनो" म्हणून तबकडीवाली पेटी दाखवली, तर चहा प्या आणि निघा.

नकली यंत्र ओळखायला फार विद्या लागत नाही. एचएमव्ही म्हणजे 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीच्या कुत्र्याचं चित्र पितळी पत्र्यावर ठोकून उठवलेलं असेल, तर संशय घ्या. खऱ्या पेटीवर ते बहुधा लाकडावर उतरवलेलं चित्र असतं, आणि शंभर वर्षांत थोडं पुसटही झालेलं असतं. मग साउंडबॉक्सपासून, म्हणजे पिन जिच्यात बसते त्या गोल डबीपासून, कर्ण्याकडे जाणारी नळी बघा. चांगल्या यंत्रात ती हळूहळू रुंद होत जाते, कारण आवाज तिच्यातच वाढायला लागतो. जोडकामात ती सरळ नळाच्या पाइपासारखी, इथून तिथून एकाच जाडीची. पेटीच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. कोरं लाकूड, ताजा भुसा, आधी एका जागी पाडून मग बुजवलेली स्क्रूची भोकं. बाहेरून म्हातारी आणि आतून तरुण अशी पेटी नसते.

पण खरं सांगू का? अस्सल की नक्कल हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की तुमच्याकडे तबकड्या कुठल्या आहेत. हे कुणी विचारतच नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत जर १९४८ नंतर आलेल्या एलपी, म्हणजे प्लास्टिकच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या असतील, तर चावीचं यंत्र घेऊच नका. त्याच्या साउंडबॉक्सचा भार सुईवर शंभर ग्रॅमहून जास्त पडतो. आजच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई दोन-तीन ग्रॅमवर वाजते. एलपीची बारीक खाच त्या पोलादी पिनेखाली एकदाच वाजेल आणि कायमची खरवडली जाईल. चावीचा फोनो फक्त मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या, पडली की बशीसारखी फुटणाऱ्या तबकडीसाठी. त्यातही अगदी दुर्मिळ तबकडी असेल तर ती यावर लावूच नये, असं माझं मत. विजेच्या प्लेअरला ७८ ची वेगळी जाड सुई मिळते, ती लावून गाणं एकदा मुद्रित करून घ्यावं. मुंबईत १९९० पासून संग्राहकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' आहे, अशा मंडळींना आधी विचारलेलं बरं.

आता तपासणी. दुकानात गेलात की कर्ण्याकडे पाठ करा. तबकडी न लावता चावी द्या. हाताला एकसारखा, वाढत जाणारा ताण लागला पाहिजे. चावी मधेच सैल पडून गरकन फिरली, तर स्प्रिंग तुटलेली किंवा आकड्यातून सुटलेली. चालू असताना आतून 'धप्प' असा आवाज आला तर घाबरू नका, स्प्रिंगचं जुनं ग्रीस घट्ट झालंय. त्याची दुरुस्ती होते. मात्र तो स्प्रिंगचा डबा घरी उघडायचा नाही. आत कित्येक फूट पोलादी पट्टी गुंडाळलेली असते, ती सुटली तर बोटं कापते.

मग वेग. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अशी सरकवा की टोक बाहेर राहील. घड्याळ लावा, पिन टेकवा आणि चिठ्ठी किती वेळा समोरून जाते ते मोजा. ७६ ते ८० मध्ये आलं तर ठीक. वेगाचा काटा थोडा सरकवून जमतं. पण हे पहिल्या मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटालाही मोजा. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटं चालते, आणि माझी फसगत झाली ती दुसऱ्या मिनिटानंतर. दुकानदारानं मला मुखडा ऐकवला होता, आणि मी मुखड्यावर भाळलो.

साउंडबॉक्स म्हणजे यंत्राचा गळा. जुन्यात अभ्रकाची चकती, नंतरच्यात ॲल्युमिनियमची. ती कडेला रबराच्या कड्यात बसवलेली असते, आणि तेच रबर वयोमानानं लाकडासारखं कडक होतं. मग वरच्या सुराला चर्र आवाज येतो आणि आपण बिचाऱ्या तबकडीला दोष देतो. रबर नवं घालता येतं. पण साउंडबॉक्सची मागची बाजू जस्ताच्या ओतीव धातूची असून तिला केसासारख्या चिरा गेल्या असतील, तर हात लावू नका. तो धातू फुगत जातो आणि शेवटी ठिकऱ्या होतात.

पिनेबद्दल लोकांना राग येतो, कारण दर बाजूला नवी पिन लागते. हा पिना विकणाऱ्यांचा डाव नव्हे. लाखेत मुद्दाम दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. ती पहिल्या काही फेऱ्यांत पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. बाजू संपेपर्यंत त्या टोकाची पटाशी झालेली असते. तीच पिन दुसऱ्यांदा लावली की ती पटाशी खाचेत चालते.

आणि एक. तबकडी स्पिरिटनं पुसू नका. पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवरचे किडे जी लाख करतात, तीच ही लाख; आणि फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर ती स्पिरिटमध्येच विरघळवतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मास्टर कृष्णरावांची तबकडी अशी 'स्वच्छ' केली. कापसाचा बोळा काळा झाला, तेव्हा त्यांना वाटलं केवढा हा मळ! तो मळ नव्हता, गाणं होतं.

तर मी शेवटी काय घेतलं? त्याच मिस्त्रींनी सुचवली ती काळ्या कापडाची, सूटकेससारखी बंद होणारी पेटी: एचएमव्हीचं १०२ मॉडेल, १९३१ पासून निघालेलं. दिसायला अगदी साधी. बाहेर कर्णा नाही, तो आतच दडवलेला. दिवाणखान्यात ठेवली तर पाहुणे विचारतात, "शिलाई मशीन का?" पण आतबाहेर अस्सल, आणि झाकण उघडून पिन टेकवली की शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत ऐकू जाते. कर्णा असलेलं अस्सल यंत्र वाईट असतं असं मी म्हणत नाही. १९२५ च्या आधीची, मायक्रोफोन नसताना भोंग्यात तोंड घालून गायलेली गाणी त्यावर फार गोड लागतात. पण तसं यंत्र आपल्या खिशाला परवडेल अशा भावात कुणी देऊ लागलं, तर पुन्हा एकदा नळीची जाडी बघावी.

ती पेटी मी आज स्टुडिओत आणली आहे. सोबत आत्याची तीच तबकडी. आत्या गेली त्या वर्षी घर बदलताना तबकडीला एक बारीक चीर पडली, त्यामुळे दर फेरीला 'टक्' असा एक आवाज येईल. आता मी चावी देतो... पिन नवी घातली आहे. हिराबाई गातील तोवर, तुमच्याजवळ घड्याळ असेल तर त्या टकटकी मोजा. मिनिटाला ७८ भरल्या, तर माझी मोटर अजून ठीक आहे.