गौरांनी पैसा सागरला का नेला?

(परदेशातल्या नागपूरकरांच्या मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. जेवणं झालेली आहेत आणि मघाचा रस्सा सावजी म्हणून वाढला गेला. त्यावर मी काही बोलणार नाही, पाहुण्याने मर्यादा पाळावी.

सकाळी आपल्या मराठी शाळेची मुलं तक्ते लावत होती. विषय, नागपूरची मोठी माणसं. एका मुलीने सर हरिसिंह गौर निवडले होते. कोपऱ्यात तिचं नाव, इयत्ता, गाव असा रकाना. चिकटपट्टी लावता लावता ती म्हणाली, "काका, यांनी नागपुरात वकिली केली, मग सगळे पैसे सागरला का दिले? हे चीटिंग नाही का?" मी म्हटलं, दुपारी सांगतो. वकील माणूस, तारीख मागितल्याशिवाय आमचं पान हलत नाही.

तर गौर मूळचे मध्य प्रदेशातल्या सागरचेच. जन्म १८७०, घरची गरिबी. कॉलेजसाठी नागपूरला हिस्लॉपमध्ये आले, तिथून केंब्रिज, तिथून बॅरिस्टर होऊन परत. काही दिवस सरकारी नोकरी करून पाहिली, सोडली आणि वकिलीला लागले. नागपुरात तेव्हा हायकोर्ट नव्हतं, ते १९३६ ला आलं. त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यावर आणि दंड संहितेवर त्यांनी जे ग्रंथ लिहिले, त्यांचं नाव आमच्या धंद्यात नुसतं ‘गौर’. आता दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, पण जुन्या खटल्यांना जुनीच कलमं लागतात, त्यामुळे गौर कपाटावरून उतरलेले नाहीत.

बायकांना वकिलीची सनद मिळावी म्हणून १९२२ मध्ये दिल्लीच्या असेंब्लीत ठराव त्यांनी मांडला, पुढच्याच वर्षी कायदा झाला. धर्म सोडल्याचं लिहून न देता हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात नोंदणी लग्न करता यावं, ही १९२३ ची दुरुस्तीही त्यांचीच. इथे बसलेल्यांपैकी किती घरांत असं लग्न आलं की आधी रुसवे झाले, ते मी विचारत नाही.

आता पोरीचा मुद्दा. दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू गौर, पुढे नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू. म्हणजे विद्यापीठाला काय लागतं, कुठे पैसा मुरतो, हे त्यांना आतून ठाऊक. त्या काळी सागर-जबलपूरची कॉलेजं नागपूर विद्यापीठाखाली होती. सागर ते नागपूर साधारण ४०० किलोमीटर. माझा तर्क असा की, ज्या वाटेने आपण घर सोडून आलो ती वाट पुढच्या पोरांना चालावी लागू नये, एवढाच त्यांचा हिशेब असावा. स्वतःच्या मिळकतीतले २० लाख घातले. १८ जुलै १९४६ ला सागर विद्यापीठ सुरू झालं, मकरोनियातल्या लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये. पहिले कुलगुरू स्वतःच, वय ७५. इमारतीसाठी थांबले असते तर राहूनच गेलं असतं, कारण २५ डिसेंबर १९४९ ला ते गेले. उरलेल्या मालमत्तेचा मोठा भाग मृत्युपत्राने विद्यापीठालाच.

आणि नागपूर उपाशी राहिलं असंही नाही, हे तिला सांगायला हवं. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण वकील नव्हते, मँगनीजच्या खाणीवाले. त्यांनी मृत्युपत्राने दिलेल्या लाखोंतून नागपूरची एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, उभी राहिली, ती १९४२ ला. देणाऱ्याला मात्र ती बघायला मिळाली नाही.

आता थोडं रागावतो. "नागपूरसाठी काहीतरी करायला पाहिजे" हे वाक्य आपल्याकडे दर मेळाव्याला निघतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा निघतो तसं, आणि तसंच गावाबाहेर नेऊन सोडलं जातं. केलंच काही, तर अर्धवट. मंडळाने वर्गणी जमवून नागपूरच्या शाळेच्या साध्या खात्यात पाठवली की पैसे अडकतात. कारण मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणून सभासदांचे पासपोर्ट भारतीय असले तरी मंडळाचा पैसा परदेशीच. तो घ्यायला शाळेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि २०२० पासून तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्यासाठीच्या खात्यातच यावा लागतो. नागपूरच्या शाखेत नाही. नोंदणीवाल्या दुसऱ्या संस्थेला देऊन "तुम्ही त्यांना द्या" हेही तेव्हापासून बंद. चूक तुमची, कचाट्यात सापडते शाळा. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, एकट्याने दिलं तर ही भानगड नाही. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या ओसीआयवाल्यांना आहे.

मृत्युपत्राचंही तेच. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. पण ते आपल्यापेक्षा तरुण निवडा. कोर्टात शाबीत करताना त्यातला एक तरी जिवंत असला तर काम सोपं होतं, आणि आपण साक्षीला कोणाला बोलावतो, तर ब्रिजच्या टेबलावरच्या ऐंशीच्या काकांना! ‘धरमपेठेतली आमची शाळा’ असं लिहू नका. संस्थेचं नोंदणीचं पूर्ण नाव आणि क्रमांक घाला. सगळ्यात मोठा खड्डा पुढे आहे. तिकडच्या फ्लॅटचं मृत्युपत्र नागपुरात होतं, मग इथला वकील इथल्या घराचं करतो आणि सवयीने पहिली ओळ टाकतो की याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द. झालं, नागपूरचं गेलं. त्या ओळीत ‘भारतातील मालमत्तेचं सोडून’ एवढं घालून घ्या.

मघाशी जेवताना त्या मुलीला मी उत्तर दिलं. म्हटलं, सागर त्यांचं गाव होतं, म्हणून. तिने बुंदी चिवडत विचारलं, "मग माझं कोणतं?" आई म्हणाली नागपूर. बाबा म्हणाले, ती जन्मली इथे, नागपूर तिने दोन उन्हाळे पाहिलंय, तेही कूलरसमोर बसून. दोघांची तिथेच जुंपली आणि आम्ही बाकीचे ताटात बघत बसलो.

चहा बाहेर दाराशी आहे, तक्त्यांच्या खालीच. तिच्या तक्त्यावर नाव आहे, इयत्ता आहे. गावापुढे तिने अजून काही लिहिलेलं नाही.