तोंड आलं आणि राजा गणपती झाला

नमस्कार मंडळी. तोंड येणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. आमटीचा पहिला घास जिभेच्या कडेला लागला की डोळ्यांत पाणी येतं, आणि मग आठवडाभर दहीभातावर काढावा लागतो.

उपाय सांगणार आहेच. पण आधी माझ्या मामाची गोष्ट.

मामा कुडाळकडचा. दशावतारात, म्हणजे तिकडच्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाटकात, राजपार्ट करायचा, राजाची भूमिका. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, हे तिकडच्या श्रोत्यांना माहीत आहे. आख्यान ठरतं, कोण कोण काय करणार ते ठरतं, आणि पुढे नट रात्रभर मनानेच बोलतो. म्हणजे सगळी मदार जिभेवर. (हल्ली जत्रेत लोक नाटक बघतात की नाटकाचं मोबाइलवर चित्रण करतात, कळत नाही. समोर जिवंत राजा गरजतोय आणि हे पडद्यात बघतायत! असो.)

तर आमच्याच गावची जत्रा. मामा आदल्या रात्रीचा प्रयोग आटोपून सकाळी घरी आला तो गाल धरून. जिभेच्या उजव्या कडेला दोन पांढरे फोड. आजीने जीभ बघितली, मागीलदारी गेली आणि जाईची चार पानं घेऊन आली. म्हणाली, "आधी पानां चाव, मगे बोल."

इथे थांबून नीट सांगते. जाई, जुई नव्हे. जाईच्या एका देठावर सात-नऊ छोटी पानं जोडीजोडीने असतात. ती धुऊन चावायची, रस तोंडात घोळवायचा आणि थुंकायचं. पुन्हा सांगते: चावायचं, घोळवायचं, थुंकायचं. संस्कृतात जाईला जाती म्हणतात. जखमेवर लावतात त्या जात्यादि तेलाचं नाव त्यावरूनच आलंय. आता जाई आणायची कुठून, हा प्रश्न आहेच. सोसायट्यांच्या बागांत परदेशी पाम लावतात. ना फूल, ना वास, ना औषध. कुणाला शोभतात ते, देव जाणे.

हां, तर मामा. त्याला घरी थोडं बरं वाटलं असेल-नसेल, तोवर शेजारच्या काकी पेरूची कोवळी पानं घेऊन आल्या. तीही चावली. दुकानदाराने तुरटी दिली, पाण्यात फिरवून गुळण्या कर म्हणाला. केल्या. पेटी वाजवणाऱ्या बुवांनी पानाच्या डब्यातला कात जिभेवर लावला. कुणीतरी बाभळीच्या सालीचा काढा पाठवला. मामा कुणालाच नाही म्हणेना, कारण रात्री राजा व्हायचं होतं.

आता बघा, जाई, पेरू, तुरटी, कात, बाभूळ. सगळी तुरट. कच्चं केळं खाल्ल्यावर तोंड कसं आवळतं? त्याच्या पाचपट. दिवेलागणीला मामाने तालीम म्हणून "अरे दुष्टा, थांब!" अशी गर्जना केली, आणि बाहेर आलं, "अये उट्टा, आंब." आम्ही पोरं आंबे शोधायला लागलो. जत्रा थंडीत!

कंपनीच्या मालकाने कपाळाला हात लावला. राजाचा मुकुट दुसऱ्याला गेला. मामाला मात्र घरी जाऊ देईनात, माणसं कमी होती. शेवटी नाटकाच्या सुरुवातीला गणपती येतो ना, त्याचा मुखवटा मामाच्या तोंडावर चढवला. गणपतीला बोलायचं नसतं. मामा रिद्धी-सिद्धीच्या मधे गुमान उभा राहिला, आणि पहिल्या रांगेतून मी ओरडले, "आजी, मामा बघ!" देवळात हशा. गणपतीची सोंड हलताना मी त्या रात्री पहिल्यांदा बघितली.

दुसऱ्या दिवशी कुडाळात दाताच्या डॉक्टरांनी जीभ बाजूला केली. दाढेचा कोपरा तुटून धार आली होती, आणि बोलताना जीभ त्यावरच घासत होती. त्यांनी पाच मिनिटांत दाढ घासून दिली. आठवड्यात फोड भरले. घरी मात्र आजीचं म्हणणं एकच: "पयली पानां माझी होती."

वेळ संपत आली, तेव्हा बाकीचं भराभर. साधे फोड एक ते दोन आठवड्यांत आपसूकच भरतात, श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळतं. तोवर दुखणं कमी करायचं. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या. रात्री फोडावर साजूक तूप. ज्येष्ठमधाची काडी चघळा, पण रक्तदाब असेल तर रोज नको, तिने तो वाढतो. मध चालतो, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचा नाही, बोटाने चाटवायचाही नाही. आणि टाकणखाराची, म्हणजे बोरॅक्सची, लाही बाळाच्या तोंडात लावायची जुनी रीत आहे, ती सोडा. तो पोटात जाणं बाळाला घातक आहे.

सारखं सारखं तोंड येत असेल तर पानं चावत बसू नका, रक्त तपासून घ्या. लोह, बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी असलं तरी तोंड येतं.

आणि दोन आठवडे लक्षात ठेवा. दोन आठवडे! त्यानंतरही फोड भरला नाही, तर डॉक्टर. दुखत नाही म्हणून तर मुळीच सोडू नका, न दुखणाऱ्या फोडाचीच जास्त भीती. तंबाखू, सुपारी, गुटखा खाणाऱ्यांनी तर आरशासमोर उभं राहून बघा, आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का. जात नसतील, तरी डॉक्टर. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणतात. टपरीवाल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मामा पुढच्या जत्रेला पुन्हा राजा झाला. आजीने त्या दिवशी सकाळीच फाटकाला कडी घातली, आणि काकींना सांगितलं, "पेरू खावक येवा, पानां घेवन नको."

नमस्कार.