मित्रांचं काम, त्यांच्या नावानिशी

नमस्कार श्रोतेहो.

काचेची एक गोटी शहाबादी फरशीवर सोडून बघा. पहिले एक-दोन टप्पे सावकाश पडतात, मग टप्पे लहान होत जातात, घाई होते आणि शेवटी नुसती थरथर उरते. अगदी अशीच हाक देणारा एक पक्षी आपल्या माळावर आहे. रातवा. दिवसभर तो जमिनीवर पालापाचोळ्यासारखा पडून असतो, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. अंधार पडला की बोलायला लागतो. मी जन्मल्यापासून कोल्हापुरात आहे, पण हा आवाज कुणाचा हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं, आणि तेसुद्धा माझ्या एका वर्गमित्रामुळं.

हा मित्र बँकेत काउंटरवर बसतो. शनिवारी संध्याकाळी स्कूटर काढतो आणि कात्यायनीच्या बाजूच्या माळावर जाऊन बसतो. जवळ मोबाईल आणि एक छोटा माईक असतो. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून माइकवर स्पंजची टोपी घातलेली. रात्री घरी येऊन ते रेकॉर्डिंग तो ‘झेनो-कॅन्टो’ नावाच्या संकेतस्थळावर चढवतो. हे संकेतस्थळ 2005 साली नेदरलँड्समध्ये सुरू झालं. जगातल्या 10,000 हून अधिक जातींच्या पक्ष्यांचे आवाज तिथं ऐकायला मिळतात, आणि बहुतेक सगळे हौशी माणसांनी दिलेले आहेत. प्रत्येक रेकॉर्डिंगला एक क्रमांक असतो. शेजारी रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि वेळ असते. आवाज किती स्वच्छ आहे याची ए पासून ई पर्यंत प्रतवारीही असते. माझ्या मित्राच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मागं उसाचा ट्रॅक्टर चालला होता. त्यानं स्वतःच त्याला डी दिला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा माळावर गेला. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. ते रेकॉर्डिंग मला इतकं आवडलं की मी ते लगेच मोबाईलवरच्या तीन ग्रुपवर पाठवलं. खाली लिहिलं, ‘ऐका, किती सुंदर!’ मित्राचं नाव घातलं नाही, जागा लिहिली नाही, काही नाही. पंधरा दिवसांनी तेच रेकॉर्डिंग फिरत फिरत त्याच्याच मोबाईलवर आलं. खाली भलत्याच माणसाचं नाव आणि भलत्याच जंगलाचं वर्णन. तो मला काही बोलला नाही. नुसतं म्हणाला, ‘जाऊ दे गं.’ पण मला रात्रभर झोप लागली नाही. माझा धंदाच डीटीपीचा, दिवसभर लोकांची नावं जुळवायची. लग्नपत्रिकेत आत्याचं नाव राहिलं तर काय होतं ते मला ठाऊक आहे. आणि मित्रानं चार शनिवार माळावर बसून आणलेला आवाज मी बिननावाचा सोडून दिला होता.

तेव्हापासून मी ठरवलंय. मित्रांनी केलेलं काही दुसऱ्याला द्यायचं तर कुणी केलं, कुठं केलं आणि त्यात मला काय सापडलं, हे लिहूनच द्यायचं.

पोटाचं काम सांभाळून अशी धडपड करणं आपल्या गावाला नवीन नाही. खरी कॉर्नरवरनं जाताना कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास याच गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, हे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. पण या धडपडीची सुरुवात झाली ती नात्यातले दोन भाऊ, आनंदराव आणि बाबूराव, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते तेव्हा. सिनेमाचं वेड दोघांना लागलं, तेही रंगकाम सांभाळून. आनंदराव 1916 मध्ये गेले. पुढं बाबूरावांनी शिष्य दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा उभा केला तो तानीबाई कागलकरांनी, एका गायिकेनं. म्हणून बाबूरावांचा विषय निघाला की मी आनंदराव, दामले आणि तानीबाई ही तिन्ही नावं घेते. एकाचं जरी गाळलं तरी गोष्ट अपुरी राहते.

माझी दुसरी मैत्रीण शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, हिशेब बघते. कामगारांच्या तोंडचे शब्द ती एका लांबट वहीत उतरवून घेते. कुपोला, कोअर, रनर, रायझर, फेटलिंग. ओतीव माल थंड झाल्यावर त्याच्या कडा घासून, वाळू झाडून साफ करायची, त्याला फेटलिंग म्हणतात. इंग्रजीतनं आलेले हे शब्द आता इतके मुरलेत की नुसती ‘फेटलिंगला जातो’ म्हणणारी पोरं दिवसभर काय करतात हे घरच्यांना बरोबर कळतं. ती मला विचारायची, या कामाचे आपले जुने शब्द गेले कुठं?

शोधता शोधता तिला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश सापडला. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो पूर्ण आहे आणि फुकट बघता येतो. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची, आणि दुसरीत साठेक हजार शब्द. आपण शब्द टाकायचा, अर्थ समोर येतो. तो संस्कृतातनं आला, फारसीतनं आला की अरबीतनं, तेही अक्षरांच्या खुणेनं दिलेलं असतं. तिनं ‘ओतारी’ टाकला, धातू ओतणारा कारागीर निघाला. ‘मूस’ टाकला, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, तोही सापडला. मूस हा शब्द तर आपल्या गुजरीत सोनारांच्या तोंडी आजही आहे. ती दुपारच्या सुट्टीत मला फोन करून ओरडलीच, ‘अगं, आपली मूस दीडशे वर्षं जुन्या पुस्तकात आहे की!’ तिच्या वहीत आता डाव्या पानावर जुना शब्द असतो आणि उजव्या पानावर फौंड्रीतला. काही डावी पानं कोरी आहेत. ती तिनं मुद्दाम तशीच ठेवलीत. म्हणते, कुणी म्हातारा कारागीर येईल आणि भरून देईल.

आणखी एक मैत्रीण शिक्षिका आहे. तिनं मला जात्यावरच्या ओव्यांचा ठेवा दाखवला. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या. त्यातल्या बऱ्याच ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर आहेत. त्यातल्या कितीतरी गाणाऱ्या बाईच्याच आवाजात ऐकता येतात, आणि त्या बाईचं नाव, गाव तिथं लिहिलेलं असतं. ऐकत बसलं की तास कसा जातो कळत नाही. यावर एकदा वेगळं बोलेन.

मी स्वतः यातलं काही बनवत नाही. माझ्याकडं प्रिंटर आहे आणि कापून उरलेला कागद आहे. म्हणून दर महिन्याला मी एक पाठपोट पान छापते. एका बाजूला मित्राचं काम, दुसऱ्या बाजूला इंटरनेटवर सापडलेली एखादी गोष्ट, खाली क्यूआर कोड. पन्नास प्रती काढते. काही दुकानाच्या काउंटरवर ठेवते, काही गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. धारोष्ण दुधाचा पेला संपेपर्यंत पान वाचून होतं.

रातव्याचं पान काउंटरवर होतं तेव्हा पन्हाळ्याकडचे एक शेतकरी लेकीच्या लग्नपत्रिकेसाठी आले होते. प्रूफ निघेपर्यंत बसले. पान हातात घेतलं, नातवानं कोड उघडून दिला. आवाज सुरू झाला तसे ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, ‘ताई, हे पाखरू व्हय? गुऱ्हाळावर रात्री जागताना मी चाळीस वर्षं ऐकतोय. मला वाटायचं कसला तरी किडा असंल.’ त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. पानावरचं मित्राचं नाव मोठ्यानं वाचलं आणि मला म्हणाले, ‘ह्यास्नी सांगा, आमच्या माळाला या. तिथं एक न्हाई, चार-पाच बोलत्यात. ट्रॅक्टर मी बंद ठेवतो.’

येत्या शनिवारी माझा मित्र तिकडं निघालाय. या वेळी मीही जाणार आहे. रेकॉर्डिंग जमलं तर त्याच्या नोंदीत माळाचं नाव येईल, आणि माझ्या पुढच्या पानावर त्या शेतकऱ्यांचंसुद्धा. त्यांना विचारून.

नमस्कार.