ट्रॅक्टरचं पाणी जातं कुठे?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओतावं लागतं आणि खाली तर थेंबही दिसत नाही, ही जुन्या ट्रॅक्टरची नेहमीची तक्रार. अशा वेळी लगेच इंजिन खोलायला देऊ नका. पाणी बाहेर जातंय की आत, हे आधी ठरवा.

पहिला संशय झाकणावर घ्या. त्याचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, की चालत्या कामात पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं आणि खूणही राहत नाही. मग होज, क्लिपा आणि रेडिएटरची जाळी बघा. पाणी वाळलं की तिथे पांढरा खार उरतो. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यातून गळू लागलं म्हणजे आतलं सील गेलं. काही जण ते भोक एम-सीलने बुजवतात. कृपा करून तसं करू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

बाहेर सगळं कोरडं असेल, तर इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा, गळ्यापर्यंत पाणी भरा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. पण ते थांबतच नसतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, जळालीय किंवा हेडला तडा गेलाय. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

आता ऑइल. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा रंग दिसला, तर पाणी मिसळलंय. पण रंग बदलायच्या आधीही कळतं. पाणी ऑइलपेक्षा जड. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा, सकाळी चालू न करता चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचा, ड्रेन बोल्ट हळूच ढिला करा. आत पाणी असेल तर आधी तेच येईल. वेट लायनरच्या इंजिनात, म्हणजे जिथे सिलिंडरच्या आतल्या नळीला (लायनरला) बाहेरून थेट पाणी लागतं तिथे, लायनरखालच्या रबरी रिंगा गेल्या, की पाणी थेट चेंबरमध्ये उतरतं. ड्राय लायनरमध्ये या रिंगा नसतात, म्हणून आपलं इंजिन कोणतं ते मिस्त्रीला आधी विचारा.

पाणी निघालं तर ट्रॅक्टर गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, क्रँकचे बेअरिंग जातील. मिस्त्रीला घरी बोलवा. आणि हेड उतरवलं, की नवी गॅस्केट टाकण्याआधी ते सपाट आहे का, हे सरळ पट्टी लावून तुमच्या डोळ्यांसमोर तपासून घ्या.