ताट पोचतं तिथं कार्ड जात नाही

(फोंड्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या वक्त्याने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आयोजकांनी मला विषय दिला तो असा: सणावाराची शुभेच्छापत्रं पाठवावीत की पाठवू नयेत? मी त्यांना म्हटलं, अहो, हे सांगणारा मी कोण? मी 36 वर्षं लोकांची कार्डं छाटली, म्हणजे पत्त्यांप्रमाणे वेगळी केली. कोण कुणाला पाठवतं, तेवढं मला ठाऊक. ते म्हणाले, मग तेच सांगा. म्हणून उभा राहिलो. मधे घोटभर पाणी लागेल, ते तेवढं इथं ठेवा.

मी 1981 साली टपालात लागलो. आधी म्हापसा, मग पणजी, मग इथं फोंडा, आणि 2017 मध्ये घरी बसलो. आमच्या वर्षात दोन सुगी असायच्या. दिवाळीआधीचे आठ-दहा दिवस ही एक, आणि नाताळाच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत ही दुसरी. टेबलावर पाकिटांचा डोंगर, समोर खणाखणांचं कपाट, आणि डोळे फक्त पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर. 403 दिसलं की गोवा. पुढचे तीन आकडे 001 असले की पणजी, 507 म्हापसा, 601 मडगाव, 401 म्हणजे तुमचं फोंडा. पिनकोडचे हे सहा आकडे 15 ऑगस्ट 1972 पासून आले, आणि ते बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, वर संस्कृतात कविता करणारे. मला याचं फार बरं वाटतं. कवीनं देशाला आकडे दिले आणि ते अजून चालतायत.

तरुण मंडळींना 'बुकपोस्ट' हा शब्द सांगायला हवा. छापील मजकूर असेल तर तो कमी दरात जायचा. अट अशी की पाकीट उघडं हवं. वरची जीभ नुसती आत खोचायची, डिंक लावायचा नाही, आणि कोपऱ्यात 'बुकपोस्ट' असं लिहायचं. आत खाजगी काही लिहायचं नाही, खाली सही करा आणि सोडा. आता समजा, एका घरातून 25 पाकिटांचा गठ्ठा आला. 22 पाकिटांची जीभ खोचलेली, आणि तिघांना पूर्ण तिकीट, डिंक, वर बोटानं दाबून बसवलेली. त्या तिघांत काहीतरी लिहिलंय. पाकीट न उघडता आम्हाला कळायचं की या घराच्या ओळखी 22 आणि माणसं तीन.

काही हुशार लोक तिकीट बुकपोस्टचं लावून पाकीट चिकटवून टाकत. मग ते नॉटपेड. जेवढे पैसे कमी पडले त्याच्या दुप्पट, तेही घेणाऱ्याकडून. ऐन दिवाळीत पोस्टमन दारात उभा: "शुभेच्छा आल्यात, सुटे पैसे द्या." एका गृहस्थांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि परत दिलं. म्हणाले, "याच्या शुभेच्छा फुकट आल्या तरी महाग पडतात." ते कार्ड आम्ही शेरा मारून परत धाडलं. पुढं त्या दोघांचं काय झालं ते खात्याच्या कक्षेत येत नाही.

हल्ली कुठंही गेलो की लोक म्हणतात, कार्डात जिव्हाळा होता, आता मोबाईलवर सगळं आयतं. मला हे तितकंसं पटत नाही. नाताळाच्या कार्डाचा जन्मच मुळी आळसातून झाला. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचा एक उद्योगी सरकारी माणूस होता. 1840 मध्ये तिकडं एका पेनीत पत्र कुठंही जायला लागलं, ती व्यवस्था उभी करण्यात त्याचाही हात होता. मग व्हायचं तेच झालं. पत्र स्वस्त झालं, नाताळात पत्रांचा पाऊस पडला, आणि प्रत्येकाला उत्तर लिहिणं आलं. कोलसाहेब वैतागले. 1843 मध्ये त्यांनी हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं, खाली शुभेच्छा छापल्या, आणि कुणाला व कुणाकडून एवढ्या दोनच जागा रिकाम्या सोडल्या. म्हणजे 'फॉरवर्ड' त्या दिवशीच सुरू झालं म्हणा. उरलेली कार्डं एक शिलिंगला विकायला काढली. शिलिंग म्हणजे 12 पेनी. टपालाच्या बारापट किंमत कार्डाची! चित्रात अख्खं कुटुंब वाइनचे पेले उंचावतंय आणि एक लहान पोरही घोट घेतंय, त्यावरून दारूबंदीवाल्यांनी ओरड केली ती वेगळीच.

तेव्हा आयत्या शुभेच्छा हा काही आजचा गुन्हा नव्हे. प्रश्न आहे तो कुणाला पाठवतो याचा. त्याचं उत्तर मला गोव्यात मिळालं, आणि ते असं मिळालं.

सांगा बघू, गोव्यातल्या हिंदूंचा सगळ्यात मोठा सण कुठला? चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मग चवथीला टपालात कार्डांचा ढीग यायला हवा. नाही यायचा! मी नवीन होतो तेव्हा मला नवल वाटायचं. दिवाळीला यायचा, नववर्षाला यायचा, आणि चवथीला आम्ही माशा मारत बसलेलो. पुढं एका चवथीला माझ्याच मूळ घरी मी पंगतीत बसलो होतो. मुंबईचे काका, वास्कोची आत्या, बेळगावचे चुलतभाऊ, सगळे माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीखाली, दाटीवाटीनं. एकदम डोक्यात उजेड पडला. गणपती मूळ घरात, आणि सगळे त्या घरात. कार्ड घालायचं कुणाला?

तसंच शेजाऱ्यांचं. माझं गाव बार्देशातलं. आमच्या घराला लागून एका ख्रिस्ती कुटुंबाचं घर. दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट त्यांच्याकडं जायचं, चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, जायच्या. नाताळाला त्यांच्याकडून ताट यायचं. वर क्रोशानं विणलेला रुमाल, खाली दोदोल, बेबिंक, कुलकुलं आणि त्यांच्याही नेवऱ्या. सारणातल्या वेलदोड्यावरून माझी आई सांगायची की या वर्षी नेवऱ्या सासूनं केल्यात की सुनेनं. ताट परत देताना रिकामं द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी. एवढ्या वर्षांत त्या घरातून आम्हाला कधी कार्ड आलं नाही, आम्हीही घातलं नाही. घातलं असतं तर त्यांना वाटलं असतं, यांचं काहीतरी बिनसलंय.

हे एकदा डोक्यात बसलं आणि मी टेबलावरच्या ढिगाकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. जिथं ताट पोचतं तिथं कार्ड जात नाही. कार्ड जातं ते ताट न पोचणाऱ्या घरी. लग्नाच्या पत्रिकेचं बघा. आपल्याकडं आमंत्रण घरी जाऊन द्यायचं. पोस्टानं पत्रिका आली तर घरात चर्चा होते, जायचं की नाही? म्हणून तर खाली छापतात, हेच आग्रहाचं निमंत्रण समजावे. पोस्टानं पाठवणाऱ्याला आपलं उणं ठाऊक असतं.

ताट न पोचण्याचीही दोन कारणं. एक अंतर. तारवटी म्हणजे बोटीवरचे लोक, आखातात गेलेले, पूर्वी आफ्रिकेत आणि पोर्तुगालला गेलेले. त्यांच्या पाकिटांवरच्या तिकिटांसाठी पोस्टमनच्या मागं पोरं लागायची. दुसरं कारण हुद्दा. साहेबाच्या घरी ताट घेऊन जायचं धाडस होत नाही, मग कार्ड. एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर दिवाळीत पोस्टमन वेगळी पिशवी घेऊन जायचा. साहेब निवृत्त झाले, त्याच गावात राहिले, पत्ता तेवढा बदलला. पुढच्या दिवाळीला सात कार्डं. मी मोजली, कारण आदल्या वर्षीची पिशवी मी स्वतः बांधली होती. खोटं कशाला बोलू, त्या सातांत एकाचीही जीभ खोचलेली नव्हती.

बाकी एक गोष्ट पुरुष मंडळींना आवडणार नाही. कार्डावर छापलेलं नाव नवऱ्याचं असायचं, पण पत्त्यांचं अक्षर जवळजवळ नेहमी बायकोचं. कुणाच्या घरी यंदा दुःख झालंय, तिथं दिवाळीचं कार्ड घालायचं नाही, हे तिच्याच लक्षात. नवरा परगावी असताना यादी करायची वेळ आली तरी यादी व्हायचीच. बायको परगावी असली तर मात्र त्या घराकडून त्या वर्षी काही यायचं नाही.

संक्रांतीचं मात्र मला वेगळं कौतुक. बाकीची कार्डं भलं चिंततात, हे एकटंच हुकूम सोडतं: तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि लोक कार्डात काटेरी हलवा घालायचे. आठ-दहा दाणे, कागदाच्या चिमुकल्या पुडीत. आमचा तारखेचा शिक्का म्हणजे लोखंडी, तो दणकन बसला की पुडीचं पीठ! जानेवारीत थैली उघडली की आधी मुंग्या बाहेर यायच्या, मागून पत्रं. एक जुना सहकारी होता, तो पाकीट आधी अंगठ्यानं चाचपायचा, दाणे एका बाजूला सरकवायचा आणि मग मोकळ्या कोपऱ्यात शिक्का मारायचा. प्रत्येक पाकिटाला. आम्ही हसायचो, कारण त्यानं कामाला वेळ लागायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या नियमात नव्हतं.

सरकारनंही शुभेच्छा सोप्या करून पाहिल्या. तारेत ठरलेल्या वाक्यांना नंबर होते, 1 म्हणजे दिवाळी, 8 म्हणजे लग्न. तुम्ही आकडा सांगायचा, पलीकडं पूर्ण वाक्य छापून मिळायचं. 2013 च्या जुलैत तार बंद झाली.

आता मोबाईल. माझ्या फोनात 412 नंबर आहेत. परवा या भाषणाची तयारी म्हणून मी वही घेऊन बसलो, यांतल्या किती जणांच्या घरचा पत्ता मला न विचारता लिहिता येईल? 23. त्यांतले नऊ नातेवाईक, म्हणजे ते धरायचेच नाहीत. पुण्याला माझा पुतण्या असतो, त्याला मेसेज केला, बाबा रे, पत्ता पाठव, पिनसकट. त्यानं लगेच पिन पाठवला. नकाशावरचा! लाल टिंब. मी म्हटलं, याच्यावर तिकीट कुठं लावू? तर म्हणाला, काका, काय पाठवायचंय ते कुरिअर करा, तो पोरगा खाली आला की फोन करेल.

दिवाळीच्या सकाळी फोव, म्हणजे पोहे, खाताखाता माझ्या फोनवर दोनेकशे शुभेच्छा येतात. वाईट वाटत नाही, पण त्यांना खोचलेली जीभ नाही की चिकटवलेली नाही. कोण ओळखीचा आणि कोण माणूस, हे बाहेरून कळायची सोय गेली. माझी अडचण एवढीच आहे, आणि ती धंद्यातल्या माणसाची अडचण आहे. तुम्ही आपलं खुशाल पाठवा.

मी स्वतः वर्षाला 11 कार्डं घालतो. अकरावं कुणाचं ते सांगतो आणि बसतो.

ती आमची शेजारीण, क्रोशाच्या रुमालवाली. सासू गेली, नवरा गेला, आणि सहा वर्षांपूर्वी मुलानं तिला इंग्लंडला नेलं, स्विंडनला. आपले बरेच गोंयकार आहेत तिथं. घर बंद. पहिल्या दिवाळीला बायकोनं सवयीनं एक ताट जास्त भरलं आणि मग स्वयंपाकघरातच थांबली. मी म्हटलं, कार्ड घालतो. आयुष्यात पहिल्यांदा त्या घराला कार्ड. चांगलं पानभर लिहिलं, डिंक लावून चिकटवलं, तिकीट लावलं, पेटीत टाकून आलो.

तिच्या बंद घराचं टपाल पोस्टमन आमच्याकडंच देतो. विजेची बिलं, चर्चचं पत्रक, कुणाकुणाची नाताळाची कार्डं. बायको ते सगळं दोऱ्यानं बांधून कपाटात ठेवते. मे महिन्यात ती आली. आमच्या बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसून एकेक पाकीट उघडत होती, मी समोर चहा पीत होतो. एका पाकिटावर ती थांबली, चष्मा वर केला, पाठपोट बघितलं.

"बाब, हें तर तुमचेंच अक्षर!"

36 वर्षं टपालात काढलेल्या माणसानं स्विंडनच्या कार्डावर पत्ता घातला होता शेजारच्या घराचा. पिनकोडसकट बिनचूक. पोस्टमननं ते आणून आमच्याच हातात दिलं होतं आणि आम्ही न बघता दोऱ्यात बांधून ठेवलं होतं. तिनं ते माझ्यासमोर सावकाश पूर्ण वाचलं, पर्समध्ये ठेवलं, आणि आमच्या बायकोला विचारलं, दिवाळीचं काही उरलंय का घरात. मे महिन्यात!